उडी नंतर, आधी उतरणं: तीन ते सहा वर्षांच्या मुलांना सुरक्षित लँडिंग कसं शिकवायचं

तीन-चार वर्षांच्या मुलाला उडी मारायला कुणी शिकवत नाही. सोफ्याचा हात, जिन्याची शेवटून दुसरी पायरी, देवळाचा ओटा, सोसायटीच्या बागेतला कट्टा... चढता आलं की तिथून उडी पडणारच. शिकवावं लागतं ते उतरणं, आणि नेमकं तेच राहून जातं. घरात "अरे, पडशील!" एवढीच सूचना मिळते. त्यातून नक्की काय करायचं, हे मुलाला काहीच कळत नाही. क्लासमध्ये पहिल्या महिन्यात पालकांना काहीतरी दाखवायचं असतं, म्हणून कोलांटउडीची आणि कार्टव्हीलची (हातांवरून बाजूला चाकासारखं फिरण्याची) घाई होते. मी लहान गटाला जिम्नॅस्टिक्स शिकवते आणि माझं म्हणणं एवढंच आहे की, मूल ज्या उंचीवरून नीट उतरू शकतं तेवढीच त्याची उडी. बाकी सगळं नंतर.

मोठ्यांच्या स्पर्धेतही हिशोब हाच असतो. उतरल्यावर छोटं पाऊल सरकलं तर ०.१ गुण जातो, मोठं पाऊल पडलं तर ०.३ आणि खेळाडू पडला तर पूर्ण १. रिओ ऑलिंपिकमध्ये २०१६ साली भारताच्या दीपा कर्माकरने प्रोदुनोव्हा ही अवघड व्हॉल्ट (पळत येऊन टेबलावर हात टेकून घ्यायची उडी) घेतली, हवेतल्या दोन कोलांट्या पूर्ण केल्या, पण उतरताना ती फारच खाली बसली. दोन उड्यांची सरासरी १५.०६६ भरली आणि कांस्यपदक ०.१५० गुणांनी हुकलं. त्या पातळीवर गुण जातात, आपल्या पोरांच्या पातळीवर हात गळ्यात येतो.

गुडघे का वाकवायचे

थोडं गणित करू. चार वर्षांचं, १५ किलो वजनाचं मूल ३० सेंटीमीटरवरून खाली आलं. पाय ताठ ठेवून ते समजा ३ सेंटीमीटरमध्येच थांबलं, तर थांबताना पायांवर सरासरी वजनाच्या ११ पट, म्हणजे १६५ किलोंएवढा भार येतो. तेच मूल घोटे, गुडघे आणि कंबर वाकवत १५ सेंटीमीटरमध्ये थांबलं, तर भार तिप्पट, म्हणजे ४५ किलोंएवढाच राहतो. उंची तीच, वजन तेच, फक्त थांबायला जागा जास्त मिळाली. कॅच घेताना क्षेत्ररक्षक हात मागे नेतो, त्यातलाच हा प्रकार. हा हिशोब सरासरीचा आहे. प्रत्यक्षात टेकण्याच्या क्षणाचा झटका त्याहून मोठा असतो, म्हणून ताठ पायांचं उतरणं आणखीच वाईट.

दुसरी गोष्ट मुलांच्या बांध्याची. या वयात डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड असतं, त्यामुळे तोल वरच्या बाजूला राहतो. पाऊल जरा चुकलं की मूल डोक्याच्या दिशेने जातं आणि स्वतःला वाचवायला हात ताठ करून पुढे किंवा मागे टेकवतं. त्या ताठ हातावर सगळं वजन आलं की मनगट, कोपर किंवा गळपट्टीचं हाड मोडतं. कोपराच्या जरा वर होणारं फ्रॅक्चर पाच ते सात वर्षांच्या मुलांत सर्वांत जास्त दिसतं, आणि त्याचं नेहमीचं कारण हेच, ताठ हातावर पडणं. म्हणून शिकवायच्या गोष्टी दोन. पायांवर कसं उतरायचं, आणि पायांनी दगा दिला तर कसं पडायचं.

जागा, गादी आणि अंगावरचं सामान

घरात करणार असाल तर फरशीवर थेट नको. कोडं जुळवतात तशा रंगीत फोमच्या पातळ मॅट सगळीकडे मिळतात. त्या रांगायला, लोळायला ठीक आहेत, पण उंचावरून उतरायला त्यांचा उपयोग जवळजवळ नाही. शिवाय सांधे सुटले की मुलाचं बोट त्यात अडकतं. स्प्रिंगची गादी किंवा पलंग अजिबात नको. ती पाय वर फेकते, आणि मूल दुसऱ्यांदा कुठे पडेल हे आपल्या हातात राहत नाही. नवी फुगलेली कापसाची गादीही वाईटच, पाय आत रुततो आणि घोटा मुरगळतो. उलट माळ्यावर टाकलेली, वापरून दबलेली, टणक झालेली जुनी गादी उत्तम. तिच्याखाली रबराची जाळी किंवा योगामॅट घाला, नाहीतर गादीच सरकते. आजूबाजूला हात पसरता येईल एवढी जागा मोकळी हवी. टीपॉयचा कोपरा, टीव्हीचं स्टँड आणि पंख्याचं पेडेस्टल लांब.

पाय उघडे. मोजे घालून उडी म्हणजे घसरण्याची सोय. नखं कापलेली हवीत. पैंजण, कडं, गळ्यातली साखळी, लोंबते कानातले काढून ठेवा. करदोटा सैल असेल तर तोही. आजीला हे पटत नाही हे मला माहीत आहे. तिला सांगा की अर्ध्या तासाने परत घालू. तोंडात गोळी, चॉकलेट, च्युइंगम काही नको. पोटभर जेवल्यावर तासभर तरी थांबा.

पायरी पहिली: उडी न मारता उतरून दाखवणं

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. पालकांना हा भाग कंटाळवाणा वाटतो, मुलांना वाटत नाही, कारण मुलांसाठी तो खेळ आहे.

मुलाला फक्त शेवटची स्थिती शिकवायची. मी तिला "स्कूटर" म्हणते, कारण आपल्याकडच्या प्रत्येक पोराने बाबांच्या पुढे उभं राहून हँडल धरलेलं असतं. दोन पायांत कंबरेच्या रुंदीएवढं अंतर, दोन्ही पावलं समोर. गुडघे वाकलेले. बूड थोडं मागे, पण गुडघ्यांच्या खाली गेलेलं नको. पाठ सरळ, छाती जराशी पुढे झुकलेली. दोन्ही हात समोर, कोपर किंचित वाकलेले, जणू हँडल धरलंय. नजर समोरच्या भिंतीवर, पायांकडे नाही. भिंतीवर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर एक चित्र चिकटवा आणि "हत्तीकडे बघ" एवढंच म्हणा. "मान वर कर" म्हटलं तर मुलं छताकडे बघतात.

हात समोर कशासाठी? हात मागे राहिले की वजन टाचांवर जातं, मूल बसकण मारतं आणि ते मागचे हातच ताठ होऊन जमिनीला टेकतात. समोरचे हात तोल सांभाळतात आणि वाटेतही येत नाहीत.

ही स्थिती पक्की करायला "स्टॅच्यू" सारखा दुसरा खेळ नाही. गाणं लावा, मुलं हवं तसं नाचू देत. गाणं थांबलं की "स्कूटर स्टॅच्यू!" आणि तीन आकडे मोजायचे. हलला तो बाद असं करू नका, या वयात बाद झालेलं मूल कोपऱ्यात जाऊन पडदा ओढतं. नीट थांबलेल्याच्या खांद्याला हलकेच बोट लावून बघायचं, डुलतो का. डुलला नाही तर मुलालाच गंमत वाटते आणि पुढच्या वेळी ते आपणहून पाय जास्त घट्ट रोवतं. तीन आकडे मोजून थांबणं हा या सगळ्याचा कणा आहे. जे मूल थांबू शकतं, त्याने स्वतःचा वेग काबूत आणलेला असतो.

पायरी दुसरी: टाचा वर, टाचा खाली

आता जमिनीवरच, उडी न घेता. मूल चवड्यांवर उंच उभं राहतं, हात वर. "खाली" म्हटलं की झटकन स्कूटरमध्ये यायचं. इथे पायाचा जमिनीला स्पर्श कसा व्हावा ते कळतं. आधी चवडे, मग टाच आणि त्याबरोबर गुडघे. टाच आपटली तर आवाज येतो, म्हणून मी मुलांना आवाजावरच काम देते. "मी डोळे मिटते, मला कळलं नाही पाहिजे तू खाली आलास." गुडघा वाकव, टाच सावकाश टेकव असं शरीराच्या एकेका भागाबद्दल सांगत बसलं की पोर गोंधळतं. आवाज करू नकोस म्हटलं की गुडघे आपोआप वाकतात. ही सूचना पुढे प्रत्येक पायरीवर चालते. फ्लॅटमध्ये राहत असाल तर खालच्या मजल्यावरच्या काकांचीही चाचणी होते.

पायरी तिसरी: जागच्या जागी उडी

साधारण दोन वर्षांच्या पुढे मूल दोन्ही पायांनी जमीन सोडायला लागतं, पण तीन वर्षांच्या कितीतरी मुलांचा एक पाय आधी निघतो आणि एकच आधी टेकतो. त्यात काही बिघडलेलं नाही, ते शिकणं चालू आहे. खडूने दोन पावलं काढा आणि "दोघं भाऊ एकदम उडणार, एकदम उतरणार" असं सांगा. उडी अगदी लहान, बोटभर उंचीची पुरे. उडी, स्कूटर, तीन आकडे.

इथेच बहुतेक चुका दिसतात, म्हणून जरा थांबून बघू.

परवा एक साडेचार वर्षांची मुलगी उडी मारून इतकी छान थांबत होती की समोरून बघणारे टाळ्या वाजवत होते. मी बाजूला बसून तिचे गुडघे बघत होते. दर वेळी टेकताना दोन्ही गुडघे आत येत होते, एकमेकांना भिडायला निघाल्यासारखे. तिला "गुडघे बाहेर" म्हणून उपयोग नव्हता, तिला आपले गुडघे आत जातात हेच माहीत नव्हतं. मग दोन्ही गुडघ्यांवर एकेक लाल टिकली लावली. "टिकलीने अंगठ्याशेजारच्या बोटाकडे बघायचं, दुसऱ्या टिकलीशी गप्पा मारायच्या नाहीत." ती खाली बघत बघत सावकाश स्कूटरमध्ये गेली, मग हळूच उडी मारून, मग नेहमीसारखी. टिकल्या घामाने निघाल्या तेव्हा तिने दुसऱ्या मागितल्या. या वयात थोडे आत वळलेले गुडघे असणं नेहमीचं आहे आणि बहुतेकांचे वाढीबरोबर सरळ होतात, त्याची काळजी नको. पण उतरतानाच आत कोसळणारे गुडघे सवयीने सुधारतात, आणि सवय लावायची ती याच वयात.

बाकीच्या चुका थोडक्यात. पाय ताठ राहत असतील तर उडी कमी करा, आवाजाच्या खेळाकडे परत जा. पाय चिकटलेले असतील तर मधे एक उशी किंवा चपटा ठोकळा ठेवा, त्याच्या दोन बाजूंना उतरायला सांगा. मूल उतरल्याबरोबर पुढे धावत असेल तर वेग जास्त आहे, उडीच्या आधी पळू देऊ नका. उतरून पुढे हात टेकत असेल तर नजर पायांकडे आहे, हत्तीचं चित्र पुन्हा दाखवा. मागे बसत असेल तर हात मागे राहिलेत. आणि प्रत्येक उडीनंतर "छान, छान" म्हणू नका. "या वेळी आवाज आला नाही" असं म्हणा, म्हणजे काय जमलं ते मुलाला कळतं.

पायरी चौथी: पुढे, बाजूला, वळून

जमिनीवर रिंग ठेवा किंवा खडूने गोल काढा. एका गोलातून दुसऱ्यात दोन्ही पायांनी उडी, दर गोलात थांबायचं. बेडूकउड्या इथे मस्त चालतात. नंतर बाजूला उडी, मग पाव वळण घेऊन दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून उतरणं. एका पायावर लंगडी साधारण चार वर्षांच्या पुढे येते, त्याआधी ताणू नका. उतरणं मात्र या वयात नेहमी दोन पायांवर.

पायरी पाचवी: उंची

आता पाट. खरंच, घरातला लाकडी पाट, पाचेक सेंटीमीटर उंच. त्याखाली रबर लावा, म्हणजे तो निसटणार नाही. नंतर जिन्याची सगळ्यात खालची पायरी, ती साधारण १५ ते १८ सेंटीमीटर असते. मग क्लासमधले २०-३० सेंटीमीटरचे फोमचे ठोकळे. माझा नियम असा की, सहा वर्षांपर्यंत शिकवताना मुलाच्या स्वतःच्या गुडघ्याच्या वर उंची न्यायची नाही. चार वर्षांच्या मुलासाठी ती पाऊणफूट-एकफूटच्या आसपास येते. खुर्ची साधारण ४५ सेंटीमीटर असते, म्हणजे ती या हिशोबात बसत नाही, आणि डायनिंग टेबलचा तर प्रश्नच नाही.

उंची वाढवायची कधी? लागोपाठ तीन वेळा, आवाज न करता, तीन आकडे हलल्याशिवाय थांबलं तर. चौथ्या वेळी चुकलं तर पुन्हा खालची उंची. यात शिक्षा नाही, मुलाला तसं वाटूही देऊ नका. "आता छोट्या डोंगरावरून" म्हणा आणि चला. एका दिवसात दोनदा उंची वाढवू नका, मूल कितीही मागे लागलं तरी.

पाटावरून वर उडी घ्यायला सांगू नका, नुसतं खाली यायचं असतं. वर उडी घेतली की उंची गुपचूप वाढते. मूल आधी जिथे उतरायचं ती जागा बघतं, मग नजर समोर, मग पाय. भित्र्या मुलाला आधी पायरीवर बसून घसरत उतरू द्या, मग एक पाय टाकत, मग दोन्ही. त्याला ढकलू नका, उचलून ठेवू नका, "बघ, ताई किती धीट" असं तर मुळीच म्हणू नका. अशी मुलं आठवडा-दोन आठवडे बघत बसतात आणि एक दिवस उठून सगळ्यांपेक्षा व्यवस्थित उतरतात. मला खरी चिंता दुसऱ्या टोकाच्या मुलांची असते, ज्यांना उंचीची भीतीच नाही. त्यांना थांबण्याचे तीन आकडे पाच करा.

हात धरू नका

हे वेगळं लिहितेय, कारण जवळपास प्रत्येक पालक हे करतो. मूल कट्ट्यावरून उडी मारतं आणि आई त्याचा एक हात वरून धरून ठेवते. पाय टेकायच्या आत पोर लोंबकळतं, हाताला हिसका बसतो आणि कोपरातल्या एका हाडाचं टोक आपल्या पट्ट्यातून निसटतं. एक ते चार वर्षांच्या मुलांत हे नेहमी घडतं. पोर रडतं, मग गप्प बसतं, पण तो हात अंगाशी धरून ठेवतं आणि वापरत नाही. डॉक्टर तो सहसा क्षणात बसवतात, पण एकदा निसटलेलं कोपर पुन्हा निसटायची शक्यता असते.

आधार द्यायचाच असेल तर मुलाच्या बाजूला, जरा पुढे गुडघ्यावर बसा. एक तळवा पोटासमोर, एक पाठीमागे, दोन्ही अंगाला जेमतेम लागतील असे. उचलायचं नाही, खाली येऊ द्यायचं. तोल गेला तरच धड पकडायचं. पायरी तिसरीपर्यंत चाललेल्या मुलाला पाटावर याचीही गरज पडत नाही.

पायरी सहावी: पडणं

ज्युदोत नवख्याला आधी पडायला शिकवतात, कुणाला पाडायला नंतर. जिम्नॅस्टिक्समध्येही हे सुरुवातीलाच यावं, आणि मी ते उंचीच्या बरोबरीने, रोज दोन-तीन मिनिटं घेते. हे सगळं गादीवर.

मागे पडणं सर्वांत महत्त्वाचं, कारण डोक्याची मागची बाजू फरशीवर आपटते ती यातच. मूल गादीवर मांडी न घालता, गुडघे पोटाशी घेऊन बसतं. हातांची घडी छातीवर, स्वतःला मिठी मारल्यासारखी. हनुवटीखाली एक रुमाल ठेवा आणि "रुमाल पडला नाही पाहिजे" असं सांगा. आता मागे लोळायचं, पाठ गोल, आणि परत बसायचं. रुमाल जागेवर राहिला म्हणजे हनुवटी छातीशी होती आणि डोकं गादीला लागलं नाही. हे जमलं की उकिडवं बसून तसंच. मग उभं राहून, आधी स्कूटर, मग बूड खाली, मग लोळण. उभ्याने थेट मागे आडवं पडणं शिकवू नका, नेहमी खाली बसत बसत. हात मागे टेकवायचे नाहीत हे शब्दांनी नको, मिठीने शिकवा. ज्या हातांना काम आहे ते मागे जात नाहीत.

पुढे पडणं गुडघ्यांवर उभं राहून सुरू करा. मूल पुढे झुकतं, दोन्ही तळवे एकदम टेकतं, बोटं पुढे आणि जराशी आत, आणि कोपर वाकवत छाती खाली नेतं. तोंड एका बाजूला वळवलेलं, म्हणजे नाक-दात वाचतात. कोपर वाकले पाहिजेत, सगळा मुद्दा तोच. एखादं मूल हात लोखंडी करून थांबत असेल तर आधी भिंतीशी करा. हातभर लांब उभं राहून भिंतीकडे झुकायचं आणि भिंतीला "हळूच पापी" द्यायची.

बाजूला पडताना खांद्यावरून लोळायचं. गादीवर आडवं, हात छातीशी, लाटण्यासारखं गडगडत जाणं मुलांना आधीच आवडतं. ते गुडघ्यांवरून सुरू करायचं एवढंच.

हे तीनही जमल्यावर शेवटी उतरणं आणि पडणं दोन्ही एकत्र येतात. मूल पाटावरून उतरतं, स्कूटर, आणि मी "वारा आला, मागे!" किंवा "पुढे!" म्हणते. त्या बाजूला नीट पडायचं. इथे मुलं इतकी हसतात की पडण्याची भीती त्यातच निघून जाते.

कोलांटउडीबद्दल दोन शब्द. ती पडणं शिकवण्याचा भाग आहे, पण उतारावरून, म्हणजे तिरप्या मॅटवरून, आणि वजन हातांवर घेऊन मानेच्या खालून खांद्यांवर लोळत. डोक्याच्या टाळूवर कधीच नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असू शकतो, त्यामुळे कोलांटउडी आणि उड्यांच्या आधी डॉक्टरांना विचारणं सक्तीचं समजा.

किती वेळ, किती वेळा

घरी आठवड्यातून तीन दिवस, १५ ते २० मिनिटं. पहिली पाच मिनिटं पळापळ आणि बेडूकउड्या, नंतर स्टॅच्यू आणि टाचा वर-खाली, मग त्या दिवसाची पायरी, शेवटी गादीवर पडणं आणि लोळणं. एका उंचीवरून आठ-दहा उड्या पुरेत. पाय थकले की गुडघे वाकत नाहीत आणि आवाज वाढतो. आवाज वाढला की थांबा, मूल "अजून एक" म्हणालं तरी.

क्लास बघताना

टाइलवर अंथरलेली चटई आणि भिंतीवर पदकांचे फोटो एवढ्यावर जाऊ नका. एक अख्खा तास बसून बघा. बसू देत नसतील तर तिथेच उत्तर मिळालं. पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी एका ताई किंवा सरांकडे सहा ते आठ मुलं, त्याहून जास्त असतील तर अर्धी पोरं रांगेत उभी राहून एकमेकांना ढकलतात. मॅटच्या मधे फटी आहेत का बघा, घोटे तिथेच मुरगळतात. पहिल्याच आठवड्यात उंच बॅलन्स बीमवर (तोल सांभाळत चालायच्या अरुंद पट्टीवर) चढवत असतील, ताणून स्प्लिट घालायला लावत असतील, रडणाऱ्या मुलाला दाबून बसवत असतील, तर दुसरा क्लास शोधा. आणि विचारा, "पडायला कधी शिकवता?" समोरच्याने गोंधळून बघितलं तर समजून घ्या.

मॉलमधल्या ट्रॅम्पोलीन पार्कबद्दल पालक नेहमी विचारतात. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना घरगुती ट्रॅम्पोलीन नकोच म्हणते. ट्रॅम्पोलीनवरच्या सुमारे तीन चतुर्थांश दुखापती एकाच वेळी अनेक जण उडत असताना होतात, आणि त्यात सर्वांत हलक्या, सर्वांत लहान मुलाला धोका सर्वांत जास्त. मोठा दादा खाली आला की जाळीतून सगळा जोर लहानग्याच्या पायांत येतो. क्लासमध्ये वापरत असतील तर एका वेळी एकच मूल, मधोमध, आणि उडीपेक्षा थांबण्यावर भर. बागेतल्या घसरगुंडीवर मुलाला मांडीवर घेऊन येणंही टाळा. त्याचा बूट कडेला अडकतो, आपल्या वजनाने दोघं खाली जातात आणि त्याची नडगी पिळवटून मोडते.

लागलंच तर

सगळं नीट करूनही कधीतरी लागतं. सूज, वाकडेपणा, हात किंवा पाय वापरायला नकार, दाबल्यावर एकाच जागी जोरात रडणं, यातलं काहीही असेल तर हाड मोडलंय असं धरून चाला. तो भाग आहे त्या स्थितीत ठेवा, पुठ्ठा किंवा गुंडाळलेलं वर्तमानपत्र लावून सैलसर बांधा, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि हॉस्पिटल गाठा. भूल द्यावी लागू शकते, म्हणून वाटेत काही खायला-प्यायला देऊ नका. तेल लावून चोळू नका. हाडवैद्याकडून घट्ट पट्टी बांधून घेणं कोपराच्या बाबतीत फार महागात पडतं, आतल्या सुजेने रक्तपुरवठा तुटून हात कायमचा अधू झाल्याची उदाहरणं डॉक्टरांना नवीन नाहीत. बोटं पांढरी-निळी पडली, गार लागली किंवा मूल ती हलवेना, तर एक मिनिटही थांबू नका.

डोक्याला लागलं असेल आणि मूल क्षणभरही बेशुद्ध झालं, वारंवार उलट्या करतंय, नेहमीपेक्षा जास्त झोपाळू आहे, नीट बोलत-चालत नाही किंवा झटके आले, तर थेट हॉस्पिटल. मानेला लागल्याची शंका असेल तर उचलून कडेवर घेऊ नका, रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा. बाहेरून काही दिसत नाही पण मूल लंगडतंय आणि दुसऱ्या दिवशीही लंगडणं थांबलं नाही, तरीही दाखवा.

प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली की पहिल्या पायरीपासून सुरुवात, स्कूटर स्टॅच्यूपासून. हात मोडला असेल तर पुढे पडणं सर्वांत शेवटी, आणि तेही आधी भिंतीशी. मुलं उंचीकडे लगेच वळतात, पण तो हात पुढे करायला महिनोन् महिने घाबरतात. भिंतीवरची पापी चालू ठेवा, गादीवर कधी उतरायचं ते मूल स्वतः सांगतं.